चोरीला गेलेली बोडी

१

चोरानं कॅमेरा नेला नाही. लेन्स नेली नाही, टेबलावरचा चांगला दिवाही नेला नाही. नेला तो एक कागद, दोन हात रुंद, त्यावर छापलेलं रान.

मी खाली दुकानात एका नवरदेवाच्या गालावरचे फोड कॉम्प्युटरवर पुसत बसले होते. चंद्रपुरात जटपुरा गेटातून आत आलं की आमचा फोटो स्टुडिओ लागतो. नवऱ्यामागे तो मीच चालवते. सईदाबाईचं दुकान म्हटलं की कोणीही दाखवेल. वरची खोली दिव्यानीला भाड्यानं दिली आहे. पोरगी दिवसा दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवते, अन् घरी आली की अंगठ्याएवढ्या माणसांच्या मूर्ती रंगवते. मग टेबलावर खरी माती पसरायची, मागे रानाचा पडदा लावायचा अन् त्यांचे फोटो काढायचे, हा तिचा छंद. दिवा कायम डावीकडे ठेवते, म्हणून पडद्यातलं ऊनही डावीकडूनच पडलेलं पाहिजे, नाहीतर मूर्तीची सावली एकीकडे अन् झाडाची दुसरीकडे. ह्या बाबतीत फार कडक आहे. मी जन्मभर माणसांचे फोटो काढले अन् ती बाहुल्यांसारखी दिसली. हिच्या बाहुल्या माणसांसारख्या दिसतात. कधीकधी जळफळाट होतो माझा, खरं सांगते.

"काकू, वर या."

एवढंच म्हणाली, पण ज्या आवाजात म्हणाली त्यानं माझा हात माऊसवरून सुटला. गुडघ्यांमुळे मी जिना टाळते. त्या दिवशी कशी चढले मला ठाऊक नाही.

टेबलावर माती तशीच होती, गवत तसंच. मागची चौकट रिकामी. पडदा कापून नेला होता अन् चिमट्यांत नुसते कोपरे लटकत होते. पण दिव्यानी चौकटीकडे बघतच नव्हती.

त्या मातीवर एक मूर्ती उभी असायची. हिरवा शर्ट, गळ्यात दुपट्टा, हातात मोबाईल. तिच्या धाकट्या भावाची, अजयची. चोरानं ती उचलून आडवी निजवली होती अन् तिच्यावर लेन्स पुसायचं पांढरं फडकं पांघरलं होतं. तोंडावरून.

"काकू, अजय हरवला आहे ना," दिव्यानी म्हणाली. "मंग त्याले असं काऊन निजवलं?"

तोंडावरून कपडा कोणाच्या ओढतात हे तिलाही कळत होतं अन् मलाही. मी फडकं उचलायला हात पुढे केला अन् तसाच मागे घेतला.

२

अजयचं सांगते. गडचिरोलीकडच्या त्यांच्या गावात धान कापायला आलं होतं, तेव्हाची गोष्ट. बहिणीसाठी रानाचे फोटो काढायचे हा त्याचा नाद. त्या दिवशी अंधारातच मोटरसायकल घेऊन निघाला. उजाडल्यावर त्यानं एक फोटो पाठवला. लहानसं तळं, ज्याला आमच्याकडे बोडी म्हणतात, काठावर मोहाचं झाड, मागे टेकडी. 'ताई, तुझा नवा पडदा,' एवढं लिहिलं होतं. त्यानंतर तो कोणालाच दिसला नाही.

मोटरसायकल गावापासून दूर, भलत्याच रस्त्याला सापडली. तिथं वाघिणीचा वावर होता. बाजूला एक चप्पल पडलेली. वाघानं नेला, असं सगळ्यांनी मान्य केलं. केलं नाही ते त्याच्या आईनं, रुखमाबाईनं. हाड नाही, कपड्याची चिंधी नाही, मग मी कशी मानू म्हणते, अन् बाहेर मोटरसायकल वाजली की भांडं टाकून दाराशी येते. दिव्यानीला एवढंच पाहिजे होतं, की आईला काहीतरी खात्रीचं सांगता यावं. पोरगा आहे की नाही. ती बाई ना रडू शकत होती ना हसू शकत होती.

तो फोटो दिव्यानीनं तेव्हाच गावच्या ग्रुपवर टाकून विचारलं होतं, ही जागा कुठली. कोणालाच ओळखू आली नाही. मी त्याच सकाळी त्याचा पडदा छापला होता, पण बातमी आली अन् ती गुंडाळी माझ्या कपाटात पडून राहिली. ह्या उन्हाळ्यात पोरीनं मन घट्ट केलं, भावाची मूर्ती रंगवली, अन् म्हणाली, काकू, तो पडदा द्या.

आता चोरीच्या आदल्या दिवशीचं भांडण ऐका, कारण सगळं तिथूनच सुरू झालं. दिव्यानी खाली आली अन् चारचौघांत म्हणाली, "काकू, तुमच्या प्रिंटरनं पडद्यावर रेघ मारली. आडवी, बारीक, गवताच्या वर."

मला राग आला. माझ्या प्रिंटरची शाई संपेल, कागद अडकेल, पण तो रेघ मारणार नाही. तसं मी सुनावलं. ती म्हणाली, साध्या डोळ्यांना दिसत नाही, पण जवळच्या लेन्समधून दिसते. मी म्हटलं, तर मग तुझी लेन्स बेकार. असं आमचं बराच वेळ चाललं.

ते ऐकायला दुकानात तिघं होते. माझा भाचा शहबाज, अजयचा दोस्त बिरजू अन् दिव्यानीचा मामा लटारूभाऊ. वरच्या खोलीची किल्ली गल्ल्यामागं खिळ्याला लटकते हे तिघांनाही माहीत. खोलीचं कुलूप तोडलेलं नव्हतं. म्हणजे चोर ह्या तिघांतलाच होता, अन् त्यांतला एक माझ्या सख्ख्या भावाचा पोरगा होता.

३

शहबाजला पहिला धरला. छपाईचं काम तोच करतो.

"फुफी, तुम्ही मले चोर समजून राह्यल्या काय?"

"समजून नाई राह्यली, विचारून राह्यली. वर गेलतास का?"

त्यानं मान खाली घातली. "गेलतो. संध्याकाळी. रेघ पाहाले. माझ्या कामाची बदनामी झाली ना."

"मग?"

"रेघ होती, पण प्रिंटरची नव्हती. प्रिंटरची रेघ कागदाच्या ह्या काठापासून त्या काठापर्यंत सरळ जाते. ही उजवीकडं मोहाच्या बुंध्यापाशी थांबे अन् बुंध्याच्या पलीकडून पुन्हा सुरू होई. मी पाह्यलं अन् खाली आलो. पडदा होता तेव्हा."

प्रिंटर वाचवायला पोरगा थाप मारतो आहे असं मला वाटलं. आपल्याच माणसावर संशय आला की त्याचं खरंही खोटं वाटतं. मी त्याला जा म्हटलं अन् त्याच्याकडून दुकानाची किल्ली काढून घेतली.

बिरजू माजरीहून आला. तिथं कोळशाच्या ट्रकवर असतो, अन् नव्या लायसनसाठी माझ्याकडे फोटो काढायला आला होता म्हणून त्या दिवशी दुकानात होता. अजय गेला त्या सकाळी हा त्याच्यासोबत जाणार होता. गेला नाही, अन् नंतर महिन्याभरातच गाव सोडलं. मला तो आधीपासून खटकत होता.

"गाव काऊन सोडलं रे?"

"रुखमाकाकू रोज दारात येऊन विचारे, तू सोबत काऊन नाई गेला. काय सांगू बाई तिले? झोप लागली होती मले. निस्ती झोप."

"पडद्यातली जागा कुठली आहे?"

"ग्रुपवर पाह्यला होता मी फोटो. आमच्या शिवारातली एकएक बोडी मले माहीत आहे. ही आमच्याकडची नाई."

लटारूभाऊ तांदळाचं पोतं घेऊन पुन्हा आला तेव्हा त्याला बाकावर बसवलं. रुखमाबाईचा भाऊ. अजय गेल्यापासून त्या घराला आधार त्याचाच. शोधायला पुढे तोच होता, भाचीला तांदूळ पोचवणारा तोच. त्याला विचारायचीही मला लाज वाटली.

"कोणं पोरखेळ केला असल बाई," तो घाम पुसत म्हणाला.

"तुम्ही पाहिला होता का पडदा?"

"मी कायले वर जाऊ? गुडघे धरते मले. ग्रुपवर मोबाईलमधी पाह्यला तेवढाच. पाणी, टेकडी, अन् डाव्या हाताले मोह. असल्या बोड्या जंगलात शंभर." मग जिन्याकडे बघत हळूच म्हणाला, "पोरीले सांगा बाई, ह्या फोटोच्या नादाले लागू नको. अजय ह्याच नादानं गेला."

गुडघ्यांचं ऐकून मला त्याची दयाच आली. मी चहा पाजला. तो गेल्यावर काहीतरी चुकल्यासारखं वाटत राहिलं, पण काय ते हाताशी येईना.

त्यात फोन सुरू झाले. अनोळखी नंबर, दिव्यानीनं उचलला की पलीकडे कोणी बोलत नसे, नुसता श्वास. एकदा तिनं घाबरत घाबरत विचारलं, "अजय?" पलीकडून हुंदका आल्यासारखं झालं अन् फोन कटला. त्या दिवसापासून पोरगी भर दुपारीही खोलीत एकटी बसेना. मीही दुकानाच्या दाराकडे पाठ करून बसायचं सोडलं. खोटं कशाला बोलू, मला फार भीती वाटत होती.

४

शेवटी मी ठरवलं, पडदा पुन्हा छापायचा. चोराला जे लपवायचं आहे ते आधी मी बघते. दुपारची वेळ होती, बाहेर चंद्रपूरचं ऊन, रस्त्यावर कुत्रंही नाही. शटर अर्ध्यावर ओढून घेतलं अन् कॉम्प्युटरवर तो फोटो उघडला. दिव्यानी बाजूला बसली.

फोटो मोठा करत गेले. रेघ होती. गवताच्या वीतभर वर, बारीक, काळी. मोहाच्या बुंध्याशी थांबत होती अन् पलीकडून पुन्हा निघत होती. शहबाज खरं बोलला होता. कागदावरची रेघ झाडाच्या मागे जात नाही. झाडामागे जाते ती रानातलीच वस्तू.

आणखी मोठं केलं. रेघेखाली जागोजागी लहान खुंट्या दिसल्या.

"तार," मी म्हणाले.

आमच्या भागातल्या माणसाला याहून जास्त सांगावं लागत नाही. पिकलेल्या धानात रानडुकरं घुसतात. मग कोणीतरी विजेच्या लाईनवर आकडा टाकतो अन् खुंट्यांवरून तार फिरवतो. डुक्कर चिकटतं. कधी माणूसही चिकटतो.

दिव्यानी दोन्ही हातांनी टेबल धरून होती. "म्हणजे वाघ नाई," म्हणाली. "काकू, ही बोडी कोणाची आहे?"

"गावात कोणालाच कशी ओळखू आली नाही? बिरजूलाही नाही?" मी विचारलं. मग एक शंका आली. "अजयनं पाठवला तो फोटो अस्साच होता ना?"

"हो," ती म्हणाली. मग तिचा चेहरा पांढराफटक पडला. "नाई काकू. ऊन उजवीकडून होतं. माझा दिवा डावीकडं. मी फोटो आल्याबरोबर फिरवला अन् तुम्हाले छापाले पाठवला. दरवेळी फिरवतो ना आपण, हाताले सवयच आहे. मंग बातमी आली अन् डोकं चाललंच नाई. ग्रुपवर तोच टाकला."

"मूळचा कुठं आहे?"

"जुना मोबाईल बिघडला, त्यात गेला." ती रडायला लागली. "मी साऱ्या गावाले आरशातली बोडी दाखवली काकू."

मी माऊस हलवला. एका क्षणात फोटो उलटा फिरला, म्हणजे खरं तर सुलटा झाला. ऊन उजवीकडे गेलं. मोहाचं झाड डावीकडे आलं.

डाव्या हाताले मोह.

मामाचं नाव तिच्यासमोर घ्यायची माझी हिंमत झाली नाही. "वर जाऊन तुझा लॅपटॉप आण," म्हणून तिला पाठवलं अन् सुलटा फोटो बिरजूला मोबाईलवर टाकला.

तेवढ्यात शटर खडखडलं. कोणीतरी वाकून आत येत होतं. आधी रिकामं पोतं दिसलं, मग धोतर, मग लटारूभाऊ.

तो सरळ उभा राहिला अन् त्याची नजर स्क्रीनवर गेली. तिथून हललीच नाही.

माझा मोबाईल वाजला. घाईत उचलताना स्पीकर लागला.

"बाई," बिरजूचा आवाज दुकानभर झाला, "ही तं लटारूभाऊची बोडी. तुम्हाले कोणं देला हा फोटो?"

लटारूभाऊनं हात मागे नेला अन् शटर पूर्ण खाली ओढलं.

५

अंधारात फक्त स्क्रीनचा उजेड उरला. तो गल्ल्याकडे येत होता. मी मागे सरकले तर पाठ भिंतीला लागली. कॅमेऱ्याचा स्टँड हाताला लागला तो घट्ट धरला. अल्ला, ह्या वयात मी काय कोणाला मारणार.

तो गल्ल्यापाशी आला अन् मटकन खाली बसला.

"कसं समजलं बाई?"

स्टँड न सोडता मी म्हणाले, "तुम्ही म्हणालात वर गेलो नाही, मोबाईलमध्ये पाहिला. मोबाईलमध्ये अन् पडद्यावर, दोन्हीकडे मोह उजवीकडे होता. तो डावीकडे दिसतो फक्त तुमच्या बांधावर उभं राहणाऱ्याला."

त्यानं मान हलवली. "पडद्यात काय आहे ते मी पाह्यलंच नाई धड. त्या दिवशी तुम्ही रेघ रेघ म्हणत होत्या, तेव्हाच मले समजलं कायची रेघ. दुसऱ्या दिवशी दुकानात कोणी नव्हतं तेव्हा किल्ली घेतली. कापून नेला, जाळला."

"अन् फोन?"

"सांगावं वाटे. तिचा आवाज आला की तोंड बंद होय."

"त्या मूर्तीवर पांघरूण कशाला घातलं?"

"त्या दिवशी घालता आलं नाई बाई. तसाच मातीत ठेवला त्याले."

जिन्याच्या शेवटच्या पायरीवर दिव्यानी उभी होती. कधी आली, किती ऐकलं, मला कळलं नव्हतं. लॅपटॉप तिनं छातीशी धरला होता. मला वाटलं ती किंचाळेल, त्याच्या अंगावर धावून जाईल. ती खाली आली अन् मामासमोर जमिनीवर बसली.

"कुठी आहे तो?"

"मोहाखाली. गाडी अन् चप्पल मीच वाघाच्या वाटेले नेऊन टाकली."

"मामा, एकच सांग. तो लगेच गेला काय?"

हो म्हणायला त्याला काय लागत होतं? मी मनातल्या मनात त्याला सांगत होते, हो म्हण रे बाबा, हो म्हणून टाक. पण इतके महिने एकट्यानं वागवलेलं ते त्याच्याच्यानं आता आवरलं गेलं नाही.

"मी तार काढाले गेलो तं उशीर झाला होता. लाईन गेलती तोवर. अंग जळलं होतं त्याचं, पण जिता होता. मले पाह्यून मामा म्हणे. पाणी मागे."

"मंग?"

"गाडी आणतो म्हणून निघालो. बांधावर आलो अन् जेल दिसे मले. लोक दिसे. बसलो तिथीच. आता उठतो, आता उठतो करत राह्यलो. तो हाका मारे." त्यानं तोंड पोत्यात खुपसलं. "हाका बंद झाल्यावर उठलो."

दिव्यानीच्या तोंडून एक आवाज निघाला, तो मला आयुष्यभर पुरेल. मी तिला जवळ घेतलं. ती लाकडासारखी ताठ झाली होती.

"मी पोलिसाले सगळं सांगतो," लटारूभाऊ म्हणत होता. "फाशी देऊ दे. पण रुखमाले एवढं सांगू नको माय. तार लागली अन् जागीच गेला म्हण. बहीण आहे माझी. तिले झेपणार नाई."

खरं सांगते, मला त्याचं पटलं होतं. मी असते तर खोटंच बोलले असते. आईच्या जिवाला कशाला तो घोर?

दिव्यानी उठली. शटर वर केलं. डोळे दिपवणारं ऊन आत आलं.

"मी नाई सांगणार मामा," ती म्हणाली. "जागीच गेला असंही नाई म्हणणार. तूच सांग, काय सांगाचं ते. तिच्या डोळ्यात पाहून सांग. मंग पोलीस."

शहबाजनं गाडी काढली. लटारूभाऊ मागे बसला होता, त्याच्या बाजूला दिव्यानी, अन् पुढे बसूनही मला त्याच्या दातांचा आवाज ऐकू येत होता. भर उन्हाळ्यात त्याला थंडी वाजत होती.

गावात पोचलो तेव्हा रुखमाबाई अंगणात शेणी थापत होती. लेक अन् भाऊ सोबत आलेले पाहून तिचा चेहरा उजळला. हात धुतले अन् लगबगीनं आत गेली.

"उन्हाचे आले रे तुम्ही," म्हणत तांब्या भरून आणला अन् आधी भावासमोर धरला. "घे, पाणी घे."

लटारूभाऊनं तांब्याकडे पाहिलं. त्याचा हात वर आला नाही. रुखमाबाई तशीच उभी, पाणी पुढे केलेलं, अन् माझ्याकडे, लेकीकडे, पुन्हा भावाकडे बघत होती.

"रुखमा," तो म्हणाला, "ते खाली ठेव. बस इथी."

तिनं तांब्या खाली ठेवला अन् त्याच्यासमोर बसली. त्यानं पहिल्यापासून सांगायला घेतलं, अन् काही गाळलं नाही.